स्मारकावरची नावं वाचायची कशी?

सांजवात

न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकाबद्दल इथे आधी दोन-तीन धागे येऊन गेलेत. सगळे तिकीट, रांग आणि जवळचं स्टेशन एवढ्यावरच थांबले. मला वेगळं विचारायचंय.

तिथल्या दोन्ही हौदांच्या कठड्यांवर मिळून २,९८३ नावं आहेत. बहुतेक लोक हौदाला एक फेरी मारतात, पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढतात आणि वीस मिनिटांत निघतात. नावं वाचायला कोणी थांबत नाही, आणि थांबलं तरी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. अकारविल्हे नाहीत. वय नाही, हुद्दा नाही, गाव नाही. मग ही नावं वाचायची कशी? मांडणीत काही क्रम आहे का? एखादं ठरावीक नाव शोधायचं तर काय करायचं?

अशाच दुसऱ्या स्मारकांबद्दलही लिहिलंत तर चालेल. विनंती एकच: अनुभवकथन नको, माहिती हवी. जाण्याआधी काय ठाऊक असलं म्हणजे तिथे उभं राहिल्यावर डोळे उघडे राहतील, ते सांगा.

कोरीव_अक्षर

क्रम आहे, फक्त तो लगेच दिसत नाही.

आधी मोठी विभागणी. उत्तर हौदाभोवती तीन गट: उत्तर मनोऱ्यात गेलेले, त्याच मनोऱ्यावर आदळलेल्या फ्लाइट ११ मधले, आणि २६ फेब्रुवारी १९९३ च्या बॉम्बस्फोटात गेलेले ६ जण. हे शेवटचे सहा लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. दक्षिण हौदाभोवती सहा गट: दक्षिण मनोरा, फ्लाइट १७५, पेंटागॉन, फ्लाइट ७७, फ्लाइट ९३, आणि मदतीला धावलेले अग्निशामक, पोलीस वगैरे. एकूण नऊ. जिथून गट सुरू होतो तिथे गटाचं नाव कोरलेलं असतं.

गटाच्या आत मात्र वेगळाच हिशोब आहे. रचनाकार मायकल अराड यांच्या मूळ आराखड्यात नावं कुठल्याही क्रमाशिवाय होती, कारण त्या दिवशी कोण गेलं आणि कोण राहिलं यालाही काही क्रम नव्हता. मयतांच्या घरच्यांना ते पटलं नाही. शेवटी २००६ मध्ये गट ठरले आणि पुढे प्रत्येक कुटुंबाला विचारलं गेलं, की तुमच्या माणसाच्या शेजारी कोणाचं नाव असावं? साधारण १,२०० मागण्या आल्या. कोणाला एकाच टेबलावर काम करणारे सहकारी शेजारी हवे होते, कोणाला चुलत भाऊ, कोणाला तर त्या शेवटच्या तासात पहिल्यांदाच भेटलेला अनोळखी माणूस.

म्हणजे तो कठडा शेजारांचा आहे. एका मुलीचे वडील फ्लाइट ११ मध्ये होते आणि तिची जिवलग मैत्रीण उत्तर मनोऱ्यात कामाला. त्या दोघांची नावं तिच्या मागणीवरून एकमेकांना लागून आहेत. विमानाचा गट संपून मनोऱ्याचा सुरू होतो त्या सीमेवर नावं जुळवून हे साधलंय. तसेच दोन सख्खे भाऊ, एक अग्निशामक आणि एक पोलीस. दोन खाती जिथे भेटतात तिथे ते आहेत.

आता हे बसवायचं म्हणजे केवढं काम, त्याचा विचार करा. एका नावाला शेजार मिळून मिळून किती मिळणार? नावांची लांबी कमी-जास्त. प्रत्येक हौदाला ७६ पॅनेल, आणि पॅनेलच्या सांध्यावर नाव तोडता येत नाही. संगणकाचा प्रोग्राम लिहून घेतला, त्यावर पुन्हा माणसांनी हातानं फेरफार केले, तेव्हा जवळपास सगळ्या मागण्या बसल्या.

रोजनिशी

शोधायचं कसं ते मी लिहिते.

१. प्रत्येक पॅनेलला क्रमांक आहे. उत्तर हौद एन-१ ते एन-७६, दक्षिण हौद एस-१ ते एस-७६. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की पॅनेल क्रमांक मिळतो. तिथल्या आवारातही शोधायची यंत्रं आहेत, पण गर्दीच्या वेळी त्यांच्यापुढे खोळंबा होतो. निघण्याआधीच कागदावर लिहून न्या.

२. आडनाव आणि पहिलं नाव दोन्ही नीट टिपून घ्या. एकसारखी आडनावं बरीच आहेत.

३. हौद एक एकराच्या आसपास आहे, म्हणजे चुकीच्या बाजूनं निघालात तर चांगलीच पायपीट. आधी एक क्रमांक बघायचा, मग पुढचा, आकडा वाढतोय की कमी होतोय ते बघून दिशा पकडायची. लोक नेमके इथे चुकतात: हौद कुठला ते न बघता एन आणि एसची गल्लत करतात.

काही क्रमांक पाठच असू द्या. १९९३ चे सहा जण एन-७३ वर आहेत. फ्लाइट ९३ चे प्रवासी आणि कर्मचारी एस-६७ आणि एस-६८ वर.

आवारात जायला तिकीट लागत नाही. तिकीट आहे ते जमिनीखालच्या संग्रहालयाचं. ती वेगळी गोष्ट आहे, तिला वेगळा वेळ काढावा लागतो. वेळा बदलत असतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या.

तिरपी_उन्हं

नावं काशाच्या पत्र्यातून आरपार कापलेली आहेत, कोरून रंग भरलेली नाहीत. त्यामुळे भर दुपारी वरून ऊन असताना फोटो काढला की अक्षरं सपाट काळी येतात आणि पत्र्यावर चमक येते. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना जा. अंधार पडू लागला की आतून दिवे लागतात आणि अक्षरं उजळतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात आकाशाचा निळा आणि अक्षरातला पिवळा दोन्ही नीट मिळतात. पूर्ण काळोख झाला की पुन्हा अवघड.

एका नावाचा फोटो घ्यायचा असेल तर कॅमेरा नावाच्या पातळीला आणा, मागे पाणी धूसर येऊ द्या. आणि कठडा हा कठडाच आहे असं समजून त्यावर कॉफीचे पेले, बॅगा, कोपरं ठेवू नका. पत्रा उतरता आहे, बरोबर टेकायच्या उंचीचा आहे, त्यामुळे हात आपोआप जातो. नावांवरून बोटं फिरवायला काही हरकत नाही, ती त्यासाठीच त्या उंचीवर आहेत.

वेणा

उत्तम माहिती. वृद्ध आईवडील आणि शाळकरी मुलं बरोबर असतील तर संग्रहालय करावं का?

रोजनिशी

वेणाताई, दोघांसाठी उत्तर वेगवेगळं आहे.

संग्रहालय जमिनीखाली सुमारे ७० फूट आहे, मूळ पायाच्या खडकापर्यंत. उतरायला लांब उतार आहे आणि लिफ्टही आहे, त्यामुळे गुडघ्यांची अडचण नाही. पण आत विमानतळासारखी तपासणी होते, आणि पूर्ण बघायचं तर दोन तास कमीच पडतात. मोठं सामान आत नेता येत नाही, सामान हॉटेलवर ठेवूनच निघा.

मुलांचं असं: संग्रहालयाचे साधारण दोन भाग धरा. मोकळ्या दालनांत पाणी अडवणारी जुनी भिंत, ढिगाऱ्यातून शेवटी काढलेला ३६ फूट उंचीचा खांब, ज्यावरून लोक बाहेर पडून वाचले तो जिना अशा मोठ्या वस्तू आहेत. मोठी माणसं बरोबर असतील तर मुलांना ते समजतं. त्या दिवसाचा इतिहास सांगणारं प्रदर्शन मात्र वेगळ्या दारानं आत आहे. तिथे फोनवरचे आवाज आहेत, आणि काही कोपऱ्यांना आधी सूचना लावून आडोसा केलेला आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना ते प्रदर्शन दाखवू नये असं संग्रहालयच सांगतं. आत गेल्यावर नको वाटलं तर मधूनच बाहेर पडायची दारं ठेवलेली आहेत. ती कुठे आहेत हे आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना विचारून घ्या, नंतर गर्दीत सापडत नाहीत.

लहान मुलांना वर थांबवून झाड दाखवा. ऑक्टोबर २००१ मध्ये ढिगाऱ्यात जळक्या खोडाचं एक नासपतीच्या जातीचं झाड सापडलं. ते दुसरीकडे नेऊन जगवलं आणि डिसेंबर २०१० मध्ये परत आणून लावलं. जुनं खडबडीत खोड कुठे संपतं आणि गुळगुळीत नव्या फांद्या कुठे सुरू होतात ते स्पष्ट दिसतं. बोट लावून दाखवता येतं.

पाणवठा

कोरीव_अक्षर, एक शंका. हा जो शेजार आहे तो फक्त घरच्यांना कळतो. बाहेरच्या माणसाला तिथे नुसतं एका नावाशेजारी दुसरं नाव दिसतं. मग सार्वजनिक स्मारक म्हणून ही मांडणी अपुरी नाही का? अकारविल्हे असती तर निदान शोधता तरी आलं असतं.

कोरीव_अक्षर

अकारविल्हे लावलं की ती यादी होते. टेलिफोन डिरेक्टरीसारखी. एकच आडनाव ओळीनं पाचदा आलं तर ते पाच जण नात्याचे की परके हे त्या यादीत कळणारच नाही. इथे एकच आडनाव लागून दोनदा-तीनदा आलं, तर ते बहुतेक एकाच घरचे, हे बाहेरच्यालाही कळतं. बाकीचं पुढे लिहितो, आत्ता धाग्यात सेल्फीचा विषय येणारच आहे असं दिसतंय.

हेमाडपंती

आलाच. तिथे हसत सेल्फी काढणाऱ्यांना आवरायला हवं. स्मारक आहे, सहलीची जागा नाही. बर्लिनच्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकात तर लोक खांबांवर उड्या मारत फोटो काढतात.

पाणवठा

बर्लिनचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जाईल. २,७११ सिमेंटच्या ठोकळ्यांचं ते स्मारक २००५ मध्ये खुलं झालं. तिथले नियम ठोकळ्यावरून ठोकळ्यावर उडी मारू नका, आरडाओरडा करू नका असे आहेतच. पण खुद्द रचनाकार पीटर आयझेनमन यांचं म्हणणं असं, की ती रोजच्या वापराची जागा आहे, लोक तिथे बसतील, मुलं पळतील. अराड यांनाही न्यूयॉर्कचं आवार शहरापासून तोडलेलं नको होतं. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं दुपारी झाडांखाली येऊन बसतात, आणि ते आराखड्यातच धरलेलं आहे. पांढऱ्या ओकची ४०० हून अधिक झाडं कशाला लावली आहेत?

हेमाडपंती

बसणं वेगळं, नावांवर डबा ठेवून खाणं वेगळं.

चैत्रबन

दोघांचंही एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटतेय. पहिला प्रश्न हा विचारायचा: इथे मृतांचे अवशेष आहेत का?

बर्लिनच्या त्या ठोकळ्यांखाली कोणी पुरलेलं नाही. ते आठवणीसाठी उभारलेलं ठिकाण आहे. आउशविट्झ, म्हणजे पोलंडमधली नाझींची छावणी, तशी नाही. ती प्रत्यक्ष हत्येची जागा आहे, राख तिथल्या मातीत आणि तळ्यांत आहे. म्हणून तिथे नियम कडक: पास नावावर असतो आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, आतल्या खोल्यांत फ्लॅश चालत नाही, आणि ब्लॉक ४ मधली केसांची खोली व ब्लॉक ११ चं तळघर इथे फोटोच काढायचा नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये अशी सूचना आहे. मुख्य छावणी आणि बिर्केनाऊ यांत साडेतीन किलोमीटरचं अंतर आहे, मध्ये बस चालते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते पहिलीच छावणी बघून परततात. उद्ध्वस्त दाहगृहं मात्र बिर्केनाऊला आहेत.

न्यूयॉर्क या दोन्हींच्या मध्ये आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. तिथे मरण पावलेल्या २,७५३ जणांपैकी सुमारे ४० टक्के लोकांची ओळख अजून पटलेली नाही. ते अवशेष संग्रहालयाच्या खालच्या पातळीवर, निळ्या चौकोनांच्या मोठ्या भिंतीमागे ठेवलेले आहेत. ती खोली शहराच्या वैद्यकीय तपासनिसांच्या ताब्यात आहे, तिथे लोकांना जाता येत नाही, फक्त कुटुंबीयांसाठी शेजारी बसायची जागा आहे. ओळख पटवायचं काम अजून चालू आहे. भिंतीवर जे निळे जलरंगाचे कागद आहेत ते २,९८३, एका माणसाला एक, आणि प्रत्येकाचा निळा वेगळा. लोक त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढतात, मागे काय आहे ते ठाऊक नसताना. ठाऊक झालं की कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

हेमाडपंती

हे माहीत नव्हतं. आभार. माझा आग्रह याच जागेपुरता धरा मग.

ओरिगामी

नावांचा विषय आहे तर हिरोशिमाचं सांगायला हवं, कारण तिथे नावं आहेत पण दिसत नाहीत.

शांती उद्यानात कमानीसारखं जे स्मारक आहे (केन्झो तांगे, १९५२), त्याच्याखाली दगडी पेटी आहे. तिच्यात मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. १९४५ च्या अणुबॉम्बमध्ये गेलेल्यांचीच नाहीत, तर नंतर वर्षानुवर्षांनी वारलेल्या बाधितांचीही. दर ६ ऑगस्टच्या समारंभात नवी नावं घातली जातात. एकूण संख्या ३ लाख ४० हजारांच्या वर गेलेली आहे. यातल्या एका वहीत एकही नाव नाही. तिच्यात एवढंच लिहिलंय, की नाव न कळलेले पुष्कळ.

दर वर्षी मे महिन्यात वह्या बाहेर काढून त्यांना वारा देतात, पानं उलटून कसर आणि दमट बघतात. म्हणजे नोंद नुसती ठेवून दिलेली नाही, ती राखावी लागते.

उभं कुठे राहायचं तेही महत्त्वाचं. कमानीच्या बरोबर मध्ये उभं राहून वाकलात तर कमानीतून आधी ज्योत दिसते (१९६४ पासून) आणि तिच्या मागे अणुबॉम्बमधून उरलेल्या इमारतीचा घुमट. तिन्ही एका रेषेत आहेत. लोक तिरपे उभे राहतात आणि ही रेष हुकते.

पेटीवरच्या मजकुराचा अर्थ साधारण असा: शांतपणे विसावा, ही चूक पुन्हा होणार नाही. चूक कोणाची, ते लिहिलेलं नाही. जपानीत कर्ता गाळता येतो आणि इथे तो गाळलेला आहे. यावर तिथे बरीच वर्षं वाद झाला.

तिथे शांततेसाठी घडीचे कागदी बगळे वाहतात, ते न्यायचे असतील तर: हजार बगळ्यांचं तोरण म्हणजे साधारणपणे चाळीस-चाळीसच्या पंचवीस माळा. दोरा जाड घ्या, खालच्या टोकाला गाठ आणि पुठ्ठ्याचा छोटा तुकडा, नाहीतर खालचा बगळा वरच्यांच्या भारानं निसटतो. प्रवासात चुरगळू नयेत म्हणून माळा लोंबत्या न ठेवता खोक्यात आडव्या, थरांमध्ये पातळ कागद. ते मुलांच्या स्मारकामागच्या काचेच्या कपाटांत लावले जातात. टपालानं पाठवले तरी महापालिका तिथे लावते.

वेणा

त्या रिकाम्या वहीवर थांबले. तिथे नाव लिहायला माणूस नाही पण वही आहे.

शिसपेन्सिल

नावावर कागद ठेवून घासून ठसा घ्यायची पद्धत कोणी लिहिली नाही. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम भिंतीवर ती फार चालते. तिथे स्वयंसेवक कागद देतात. (ती राष्ट्रीय दुर्घटना नव्हे, युद्ध आहे, पण नावं वाचायची रीत शिकायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. शिवाय तो काळा ग्रॅनाइट बंगळूरहून गेलेला आहे.)

मऊ शिसाची पेन्सिल, २बी किंवा जास्त. टोकानं नाही, शिशाच्या कडेनं घासायचं. कागद एका हातानं पक्का धरा किंवा दुसऱ्याला धरायला लावा, तो अर्धा मिलीमीटर सरकला तरी अक्षर दुहेरी उठतं. एकाच दिशेनं, हलक्या हातानं. गडद हवं असेल तर दाबू नका, पुन्हा एकदा फिरवा. मेणाचे खडू उन्हात पघळतात आणि दगडाला चिकटतात, ते टाळा.

न्यूयॉर्कमध्ये ही रीत तितकी जमत नाही, कारण अक्षर आरपार पोकळ आहे. दाब दिला की कागद भोकात खचतो आणि कडेवर फाटतो. तिथे जाड कागद घेऊन फक्त कडा उठवायच्या.

व्हिएतनाम भिंतीचा क्रमही सांगून ठेवतो. ५८ हजारांहून जास्त नावं, मृत्यूच्या तारखेनुसार. सुरुवात डाव्या टोकाला नाही! दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात वर १९५९ आहे, तिथून उजवीकडे पूर्व टोकापर्यंत जायचं, मग पश्चिम टोकापासून परत कोपऱ्याकडे. शेवट १९७५, त्याच कोपऱ्यात तळाशी. म्हणून पहिला आणि शेवटचा मृत्यू एकमेकांना भिडतात. नावापुढे पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मृत्यू नक्की, अधिक चिन्ह म्हणजे बेपत्ता. बेपत्ताचे अवशेष सापडले की त्या अधिकावरच चौकट कोरतात. पत्ता पॅनेल आणि ओळ असा असतो, आणि ओळी मोजताना चुकू नये म्हणून काही पॅनेलांच्या कडेला दर दहाव्या ओळीला बारीक ठिपका आहे.

आणि एक गंमत: दोन्ही ठिकाणी अक्षरवळण एकच आहे, ऑप्टिमा.

तिरपी_उन्हं

शिसपेन्सिल, त्या ग्रॅनाइटवर फोटोत स्वतःचंच प्रतिबिंब येतं. समोर उभं न राहता थोडं बाजूनं, गडद कपडे घालून.

पाणवठा

आपल्याकडे जालियनवाला बागेत नावं आहेत का? तिथे मधली लाल ज्योत आणि भिंतीवरच्या खुणा एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं.

हेमाडपंती

नाव हीच तिथली अडचण आहे. १३ एप्रिल १९१९ ला १,६५० फैरी झाडल्या गेल्या. ब्रिटिश सरकारच्या हंटर समितीचा आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीचा हजाराच्या घरात. आकड्यातच एवढं अंतर असेल तर नावांची यादी पुरी कशी होणार? म्हणून ती जागा नावांनी नाही, खुणांनी वाचायची. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा चौकोन आखून दाखवल्या आहेत. त्या किती उंचीवर आहेत ते बघा, आणि त्या भिंतीकडे कोणत्या बाजूनं गोळी आली असेल ते तिथे उभं राहून ताडा. मग विहिरीकडे जा. तिच्यातून १२० मृतदेह काढल्याचं फलकावर आहे.

मला खरं दुःख गल्लीचं आहे. आत शिरायची ती अरुंद वाट. तिच्या रुंदीमुळेच चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या नाहीत, आणि तिच्यामुळेच लोकांना बाहेरही पडता आलं नाही. दोन्ही बाजूंना उघडी विटांची भिंत होती, त्यातच सगळं होतं. २०२१ च्या नूतनीकरणात तिथे दोन्ही भिंतींवर माणसांची शिल्पं लावली. अरुंद आहे हे अजून कळतं, पण आता नजर शिल्पांकडे जाते, वाटेकडे नाही.

चैत्रबन

शिल्पांमुळे आत शिरणाऱ्याला ते लोक माणसं म्हणून दिसतात, असंही म्हणणारे आहेत.

हेमाडपंती

असतील. वाट रिकामी असती तर ती स्वतःच बोलली असती. जायचं झालं तर सकाळी दार उघडताच जा, गल्लीत दुसरं कोणी नसताना. हात दोन्ही बाजूंना पसरून बघा म्हणजे रुंदी अंगाला कळेल.

अंगणवेल

नाव नाही आणि आकडाही नक्की नाही, याची दुसरी बाजू बोस्नियात, १९९५ च्या हत्याकांडाच्या स्रेब्रेनित्साला आहे. तिथल्या पोतोचारीच्या स्मारकातल्या दगडावर मोठ्या अक्षरांत ८३७२ आणि पुढे तीन टिंबं आहेत. टिंबं मुद्दाम, आकडा पुरा नाही म्हणून. दर ११ जुलैला त्या वर्षी डीएनएनं ओळख पटलेल्यांचं दफन होतं. एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगळ्या खड्ड्यांत सापडलेली असतात, कारण पुरावा लपवायला यंत्रांनी ती उकरून दुसरीकडे हलवली होती. त्यामुळे काही कबरी नंतर पुन्हा उघडून उरलेलं त्यात ठेवावं लागतं. ११ जुलैच्या दिवशी जाणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, की तो त्या घरांसाठी अंत्यविधीचा दिवस आहे. बघायला जायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस निवडा.

रोजनिशी

हाच नियम ११ सप्टेंबरला. त्या दिवशी सकाळी आवार कुटुंबीयांसाठी असतं, सगळी नावं मोठ्यानं वाचतात आणि मध्ये सहा वेळा स्तब्धता: ८:४६, ९:०३, ९:३७, ९:५९, १०:०३, १०:२८. चार विमानं आदळली आणि दोन मनोरे कोसळले त्या या वेळा. या वेळा लिहून न्या आणि कोणत्याही दिवशी तिथे बसा, चालेल.

अंगणवेल

वेळेवरून अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचं स्मारक आठवलं, सरकारी इमारतीतल्या बॉम्बस्फोटाचं. १९ एप्रिल १९९५, १६८ बळी. उथळ पाण्याच्या दोन टोकांना दोन दारं: एकावर ९:०१, दुसऱ्यावर ९:०३. स्फोट ९:०२ चा. तो मिनिट म्हणजे दोन दारांमधली जागा. बाजूच्या हिरवळीवर १६८ खुर्च्या, नऊ रांगांत, इमारतीच्या नऊ मजल्यांप्रमाणे. जो ज्या मजल्यावर होता त्याची खुर्ची त्या रांगेत. त्यांतल्या १९ लहान आहेत, मुलांच्या. दुसऱ्या रांगेत त्या दाटीनं दिसतात, कारण पाळणाघर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खुर्च्यांवर आईच्या नावाखाली जन्माला न आलेल्या बाळाचंही नाव आहे.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कोरीव_अक्षर, तुम्ही पुढे लिहितो म्हणाला होतात, पाणवठ्यांच्या शंकेवर. बाहेरून गेलेल्या माणसानं ते शेजार ओळखायचे कसे?

कोरीव_अक्षर

हो, राहिलं होतं.

सगळी २,९८३ वाचायला जाऊ नका, वीस-पंचवीस नावांनंतर डोळे नुसते सरकतात. एक पॅनेल घ्या आणि ते पुरं वाचा. कोणतं घ्यायचं हे ठरत नसेल तर तीन सुचवतो.

एक, विमानाच्या गटातलं कुठलंही. तिथे एकच आडनाव लागून येतं. दोनदा आलं तर नवरा-बायको किंवा आई-मूल असायची शक्यता, तीन-चारदा आलं तर अख्खं घर. वय कोरलेलं नाही, म्हणून मूल कोणतं ते नावावरून कळत नाही. नंतर संकेतस्थळावर तेच नाव बघा, तिथे फोटो आहे.

दोन, मनोऱ्याचा गट. इथे बाईच्या नावापुढे ‘आणि तिचं न जन्मलेलं बाळ’ असे शब्द कोरलेले काही ठिकाणी सापडतील. ओळ लांब होते, म्हणून लांबूनही ओळखू येते. याच गटात कंपन्यांची नावं कुठेही नाहीत. उत्तर मनोऱ्यातल्या कॅन्टर फिट्झजेराल्ड या एका कंपनीचे ६५८ लोक गेले. ते सगळे एकत्र आहेत, पण वर पाटी नाही. ओळीमागून ओळ वाचत गेलात की पॅनेलं संपत नाहीत, आणि मग आकडा कळतो.

तीन, अग्निशामक. इथे मात्र तुकडीचं नाव कोरलेलं आहे: इंजिन अमुक, लॅडर तमुक. हुद्दे नाहीत, कॅप्टन आणि नवखा एकाच आकाराच्या अक्षरात. एका तुकडीखाली नावं मोजा. एका गाडीवर साधारण पाच-सहा जण निघतात. तुकडीखाली तेवढीच नावं दिसली तर त्या गाडीवरून कोणी परतलं नाही.

पाणवठा

शंका मागे घेतो. अकारविल्हे लावलं असतं तर गाडी मोजता आली नसती.

वेणा

शेवटचं एक विचारते. काही नावांत पांढरा गुलाब खोचलेला फोटोंत दिसतो. तो नातेवाईक ठेवतात का? आपण नेला तर चालेल?

रोजनिशी

तो स्मारकाकडूनच असतो. ज्याचा त्या दिवशी वाढदिवस, त्याच्या नावात सकाळी पांढरा गुलाब खोचतात. अक्षर आरपार असल्यामुळे देठ आत उभा राहतो. आपण फूल नेलं तर चालतं, पण देठ बारीक आणि जरा लांब ठेवा, अक्षराच्या रुंद भागात घाला, आणि पांढरा गुलाब नेऊ नका म्हणजे वाढदिवसाशी गल्लत होणार नाही. पुढच्या वेळी पांढरा दिसला तर तेच पॅनेल निवडा.